बाळसं न धरणारी मुलं

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी (रेल्वे)चे रस्ते मुलांच्या ताब्यात जातात. कुणाच्या हातात वीतभर लाकडी नंदी, कुणाचा नंदी चाकांवर आणि ओढायला सोबत आजोबा. घरोघरी फिरून बोजारा, म्हणजे खाऊचे पैसे, गोळा करायचा, रात्री तो मोजायचा. इथला तान्हा पोळा जिल्ह्याबाहेरही ओळखला जातो. भाद्रपदाच्या तोंडावर हवा दमट असते, गर्दी दाट असते, त्यामुळे पुढच्या आठ दिवसांत घराघरांत सर्दी-खोकला सुरू होतो. त्यात नवल काही नाही. लहान मुलाला वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी होणं ही त्याच्या शरीराची शाळाच असते. प्रत्येक आजारातून ते काहीतरी शिकतं आणि चार दिवसांनी पुन्हा अंगणात धावतं.

काही मुलांचं मात्र असं होत नाही. एक आजार संपायच्या आत दुसरा सुरू होतो. छाती भरते, कान वाहतो, तोंडात पांढरे चट्टे येतात आणि जात नाहीत, जुलाब थांबत नाहीत. गावात कुणी म्हणतं, डब्बा झाला. कुणी दृष्ट काढतं. डॉक्टर प्रतिजैविकांची बाटली बदलून देतात. सगळं करूनही बाळ बाळसं धरत नाही. यातल्या काही मुलांचा दोष हवेत नसतो, पाण्यात नसतो आणि आईच्या सांभाळण्यात तर मुळीच नसतो. तो जन्मतःच त्यांच्या जनुकात असतो. रोगाशी लढणारी फौज तयार करणारी एखादी सूचनाच तिथे चुकीची लिहिली गेलेली असते.

या आजारांना प्राथमिक प्रतिकारक्षमता-अभाव म्हणतात. ‘प्राथमिक’ अशासाठी, की एचआयव्ही, कुपोषण किंवा औषधांमुळे नंतर आलेली ही दुर्बलता नव्हे. आज असे ५०० हून अधिक आजार वैद्यकशास्त्राला माहीत आहेत. एकेकटा आजार दुर्मिळ असतो, सगळे मिळून मात्र तितके दुर्मिळ राहत नाहीत.

या संशोधनाची एक ठळक तारीख १९५२ची आहे. अमेरिकेतल्या वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात कर्नल ऑग्डेन ब्रुटन या बालरोगतज्ज्ञापुढे आठ वर्षांचा एक मुलगा होता. न्युमोनियाचे जंतू त्याच्या रक्तात पुन्हा पुन्हा सापडत होते. ब्रुटन यांनी त्याच्या रक्तातली प्रथिनं विजेच्या प्रवाहाने वेगळी करून पाहिली, तेव्हा गॅमा ग्लोब्युलिनचा पट्टाच उमटला नाही. जंतूंना ओळखून जखडणारी प्रतिपिंडं याच पट्ट्यात असतात आणि या मुलाच्या अंगी ती नव्हतीच. दुसऱ्यांच्या रक्तातून काढलेलं ग्लोब्युलिन ब्रुटन यांनी त्याला दर महिन्याला टोचायला सुरुवात केली आणि संसर्ग थांबले. निदान आणि उपचार एकाच मुलापाशी एकत्र आले. या आजारामागचं जनुक सापडायला मात्र १९९३ साल उजाडलं.

अशी मुलं पहिले काही महिने ठणठणीत का असतात, याचं उत्तर मोठं हृद्य आहे. गर्भात असताना आई आपली प्रतिपिंडं नाळेतून बाळाला देते. जन्मानंतर हा उसना साठा साधारण तीन आठवड्यांना निम्मा होत जातो. चार ते सहा महिन्यांत तो सरतो, तोवर निरोगी बाळ स्वतःची प्रतिपिंडं बनवू लागलेलं असतं. ब्रुटनच्या आजारात ते बनवूच शकत नाही. म्हणून अर्धं वर्ष हसतंखेळतं असलेलं मूल अचानक एकामागून एक आजार काढू लागतं आणि लोकांना वाटतं, नजर लागली.

त्याच १९५२ साली मुंबईच्या परळमध्ये आणखी एक शोध लागला. डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगाला ठाऊक नसलेला एक रक्तगट नोंदवला. तो ‘बॉम्बे रक्तगट’ म्हणून प्रसिद्ध झाला. त्याचा प्रतिकारक्षमतेशी संबंध असेल, असं तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. चाळीस वर्षांनी, १९९२मध्ये, इस्रायलमधल्या डॉक्टरांना वारंवार संसर्ग होणारी दोन मुलं सापडली. त्यांच्या पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटू शकत नव्हत्या, त्यामुळे जंतूंपर्यंत पोहोचत नव्हत्या. या मुलांचा रक्तगट बॉम्बे होता. फ्युकोज नावाच्या एका साखरेच्या व्यवहारात बिघाड होता. तीच साखर रक्तगटाची खूण बनवायला लागते आणि पेशीला चिकटण्यासाठीही लागते.

परळमधली ही परंपरा खंडित झाली नाही. १९५७मध्ये तिथे रक्तगटांसाठी एक संदर्भ केंद्र सुरू झालं. त्यातूनच भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची राष्ट्रीय प्रतिरक्षा रक्तविज्ञान संस्था उभी राहिली. केईएम रुग्णालयाच्या आवारातल्या बहुमजली इमारतीत, तेराव्या मजल्यावर, तिच्या प्रयोगशाळा आहेत. डॉ. मनीषा मडकईकर यांच्या नेतृत्वाखाली इथे मुलांच्या जन्मजात प्रतिकारदोषांवर काम वाढलं. जवळच्याच बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालयात डॉ. मुकेश देसाई यांच्यासारखे बालरोगतज्ज्ञ ही मुलं तपासत होते, उपचार करत होते. एका इमारतीत मूल आणि दुसरीत त्याची पेशी, अशी ही जोडी जमली. उत्तरेत चंदीगडच्या पीजीआयमध्ये डॉ. सुरजित सिंग यांच्या गटाने असंच काम उभं केलं.

तेराव्या मजल्यावरच्या कामाचा कणा म्हणजे फ्लो सायटोमीटर हे यंत्र. रक्तातल्या पेशी त्यात एकेरी रांगेत लेझरच्या झोतासमोरून जातात. प्रत्येक प्रकारच्या पेशीला आधीच वेगळ्या चमकत्या रंगाची खूणचिठ्ठी लावलेली असते. यंत्र हजारो पेशी मोजून सांगतं, की टी पेशी किती, बी पेशी किती आणि कोणता प्रकार गायब आहे.

त्यातली एक चाचणी फार बोलकी आहे. ‘क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज’ या आजारात पांढऱ्या पेशी जंतूला गिळतात, पण मारू शकत नाहीत. मारण्यासाठी लागणारा ऑक्सिजनचा दाहक मारा त्यांना करता येत नाही. चाचणीत पेशींना एक रंगद्रव्य पाजून चेतवलं जातं. निरोगी पेशी उजळतात, आजारी पेशी अंधारात राहतात. या आजाराच्या एका प्रकारात दोष आईच्या एक्स गुणसूत्रावरून मुलाकडे येतो. अशा आईचं रक्त तपासलं, तर पडद्यावर दोन टेकड्या दिसतात. काही पेशी उजळलेल्या, काही विझलेल्या. आई स्वतः सहसा धडधाकट असते, पण मुलाच्या आजाराचं कोडं तिच्या रक्ताच्या थेंबात उलगडतं.

या आजाराचं निदान शेतकरी कुटुंबात वेगळ्याच कारणासाठी महत्त्वाचं ठरतं. बुरशीचे बीजकण अशा मुलाच्या फुप्फुसात रुजतात आणि ते सगळ्यांत जास्त असतात ओलसर कुटारात, कुजणाऱ्या पालापाचोळ्यात, शेणखताच्या उकिरड्यात. वर्धा जिल्ह्यातल्या कोणत्याही गोठ्याशेजारी मुलं खेळतात. ज्याला हा आजार आहे, त्याला तिथून दूर ठेवावं लागतं आणि जंतू व बुरशी रोखणारी औषधं रोज द्यावी लागतात. हे सगळं करता येतं, पण आधी आजाराचं नाव कळायला हवं.

काही खुणा तर यंत्राशिवायही दिसतात. ग्रिसेली सिंड्रोम या आजारात बाळाचे केस चंदेरी-करडे असतात. घरात सगळे काळ्याभोर केसांचे आणि बाळाच्या डोक्यावर रुपेरी झाक. केस सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर रंगद्रव्य सारखं पसरलेलं न दिसता त्याच्या गुठळ्या दिसतात. केसात रंग पोहोचवणारी आणि लढाऊ पेशीतून मारक द्रव्य बाहेर टाकणारी यंत्रणा एकच आहे, ती बिघडली की दोन्ही बिघडतं. पांढऱ्या पेशींना चिकटता न येण्याच्या नेहमी आढळणाऱ्या प्रकारात बाळाची नाळ एक-दोन आठवड्यांत गळून पडत नाही, बेंबी चिघळते, पण जखमेत पू मात्र होत नाही. बाळंतिणीला न्हाऊमाखू घालणाऱ्या आजीच्या नजरेला या गोष्टी डॉक्टरांच्या आधी पडतात. तिने त्या डॉक्टरांच्या कानावर घालायला हव्यात.

या सगळ्यांत उग्र आजार म्हणजे ‘सिव्हिअर कम्बाइन्ड इम्युनोडेफिशिअन्सी’, डॉक्टरांच्या भाषेत ‘स्किड’. यात टी पेशी जवळजवळ नसतातच, त्यामुळे बाकीची फौजही निकामी होते. अमेरिकेत टेक्ससमधला डेव्हिड व्हेटर हा मुलगा १९७१मध्ये या आजारासह जन्मला आणि १९८४पर्यंत प्लास्टिकच्या निर्जंतुक आवरणात जगला. त्याच्यावर जगभर लिहिलं गेलं, त्यामुळे हा आजार दूर कुठेतरी असतो अशी समजूतही पसरली. आकडे निराळं सांगतात. अमेरिकेत ३० लाखांहून अधिक नवजात बाळांच्या तपासणीत दर ५८ हजारांत एक बाळ असं निघालं. भारतात वर्षाला सुमारे २ कोटी ३० लाख मुलं जन्मतात. तेच प्रमाण धरलं, तरी दरवर्षी अशी ४०० च्या आसपास बाळं होतात. चंदीगड, मुंबई आणि इतर केंद्रांतल्या डॉक्टरांनी २०२१मध्ये अनेक वर्षांची माहिती एकत्र करून भारतातल्या स्किडग्रस्त मुलांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात मुलं होती २७७. बाकीची न्युमोनिया, जुलाब, सेप्सिस अशा नोंदींखाली गेली असणार.

त्याच अभ्यासात आणखी दोन आकडे आहेत. आजार दिसू लागला तेव्हाचं मध्यक वय अडीच महिने आणि निदान झालं तेव्हाचं पाच महिने. मधले अडीच महिने फार महाग पडतात. अमेरिकेतल्या २४० मुलांच्या अभ्यासात, साडेतीन महिन्यांच्या आत ज्यांच्यावर मूळपेशी प्रत्यारोपण झालं, त्यांच्यापैकी ९४ टक्के मुलं पाच वर्षांनंतर जिवंत होती. मोठ्या वयात, अंगात संसर्ग असताना प्रत्यारोपण झालेल्यांपैकी निम्मीच वाचली.

हे अडीच महिने वाचवायला प्रत्येक वेळी परळचं यंत्र लागत नाही. पहिली शंका सीबीसी या साध्या रक्तचाचणीवरून घेता येते. त्या कागदावर पांढऱ्या पेशींची एकूण संख्या असते आणि त्यात लिम्फोसाइट, म्हणजे टी, बी वगैरे पेशी, किती टक्के, हेही असतं. समजा, तीन महिन्यांच्या बाळाच्या ८,००० पेशींत १५ टक्के लिम्फोसाइट आहेत, म्हणजे १,२०० झाल्या. बऱ्याच प्रयोगशाळांच्या कागदावर छापलेली मर्यादा मोठ्या माणसांची असते आणि तिच्यानुसार १,२०० ठीकच असतात. पण इतक्या लहान बाळात त्या सहसा ४,००० च्या वर असतात आणि ३,००० च्या खाली आल्या की थांबून विचार करावा लागतो. कागदावर ठळक अक्षर नाही, लाल खूण नाही, म्हणून हा आकडा नजरेतून सुटतो. तो बरा आला, तरी आजार नाहीच असंही नसतं. मात्र तो कमी असेल, तर पुढची तपासणी टाळता येत नाही. एक्स-रेचंही तसंच. तान्ह्या बाळाच्या छातीच्या चित्रात हृदयावर थायमस ग्रंथीची सावली दिसते. टी पेशी इथेच तयार होतात. स्किडमध्ये ती जागा बहुधा रिकामी असते. न्युमोनिया पाहायला काढलेल्या त्याच एक्स-रेत हे दिसू शकतं.

आपल्याकडे एक अडचण वेगळी आहे. क्षयाचा धोका मोठा असल्यामुळे जन्मल्याबरोबर बीसीजी दिली जाते आणि पोलिओचे थेंब पाजले जातात. या लसींतले जंतू दुबळे केलेले, पण जिवंत असतात. निरोगी बाळाला त्या जीवनदान देतात. स्किडच्या बाळात मात्र बीसीजीचा जंतू काखेतल्या गाठीतून सबंध शरीरात पसरू शकतो. पोलिओच्या थेंबातला विषाणू आतड्यात मुक्काम करतो आणि बदलत जातो. मुंबईतल्या संशोधकांनी सप्टेंबर २०१४ ते एप्रिल २०१७ या काळात प्रतिकारदोष आढळलेल्या १५१ मुलांपैकी ४२ जणांच्या शौचाचे १०५ नमुने तपासले. त्यांत तीन पोलिओ विषाणू सापडले. देश २०१४मध्ये पोलिओमुक्त जाहीर झाला होता. अशा काही मुलांच्या पोटात विषाणू टिकून राहू शकतो, हे कळणं म्हणूनच सगळ्यांच्या हिताचं आहे.

याचा अर्थ लसीला भ्यावं असा अजिबात नाही. ज्या घरात आधीचं मूल तान्हेपणी संसर्गाने गेलं, त्या घरात पुढच्या बाळाला जिवंत लस देण्याआधी डॉक्टरांना ते सांगावं, इतकाच त्याचा अर्थ आहे. उरलेल्या सगळ्या बाळांनी लस वेळेवर घेतली, तरच घरातलं किंवा शेजारचं दुबळं बाळ सुरक्षित राहतं.

अनोळखी आजार ओळखीचा होण्याचा असा प्रवास विदर्भाला नवा नाही. १९५८मध्ये नागपूरच्या डॉ. शुक्ला आणि डॉ. सोलंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलवर ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं, तेव्हा तो शब्द डॉक्टरांनाही नवखा होता. अंगदुखीने तळमळणारी, पिवळी पडणारी मुलं ‘रक्त कमी आहे’ एवढ्यावरच घरी जात. आज वर्धा जिल्ह्यातल्या आशाताईला सिकलसेल हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. परीक्षानळीतली विद्राव्यता चाचणी आरोग्य केंद्रात होते. ११ डिसेंबर २०२२ला चंद्रपूरचं हिमोग्लोबिन-विकारांचं संशोधन केंद्र आणि नागपूरचं एम्स एकाच कार्यक्रमात देशाला अर्पण झालं. सिकलसेलचाही प्रतिकारशक्तीशी संबंध आहेच. वाकड्या पेशी पानथरीत अडकून ती हळूहळू निकामी करतात आणि न्युमोनियाच्या जंतूविरुद्धची एक भिंत ढासळते. म्हणून या मुलांना पेनिसिलिन आणि न्युमोकोकल लस द्यावी लागते. जन्मजात प्रतिकारदोष आज ज्या टप्प्यावर आहेत, तिथून सिकलसेल साठ वर्षांपूर्वी निघाला होता.

वाट दाखवणारा धागा बहुतेक वेळा आजोळी असतो. एक्स गुणसूत्रावरचे दोष आईकडून येतात आणि त्रास मुलग्यांना होतो. आईचा एखादा भाऊ किंवा मावशीचा मुलगा तान्हेपणी गेलेला असतो आणि त्याचं कारण कुणी विचारलेलं नसतं. दुसऱ्या प्रकारचे दोष आई-वडील दोघांकडून एकेक आल्यावरच प्रकटतात आणि नात्यातल्या लग्नात ती शक्यता वाढते. मामाच्या मुलीशी लग्न ही आपल्याकडे जुनी, मायेची रीत आहे. ज्या कुळात मुलं दगावलेली आहेत, तिथे ती जुळवण्याआधी जनुकीय सल्ला घ्यावा. एकामागून एक मुलगे गेले की बाईच्या पायगुणाला बोल लावला जातो. तिच्या दुःखावर हा दुसरा घाव असतो आणि तो पूर्णपणे खोटा असतो. दोष नेमका कळला, तर पुढच्या गर्भारपणात तिसऱ्या महिन्यात वारेचा नमुना घेऊन तो तपासता येतो.

उपचारही आता नुसते कागदावर राहिलेले नाहीत. प्रतिपिंडं नसतील, तर इम्युनोग्लोब्युलिन दर तीन-चार आठवड्यांनी शिरेतून दिलं जातं. मात्रा वजनावर ठरते, म्हणून मूल वाढतं तसा खर्चही वाढतो. स्किडसाठी मूळपेशी प्रत्यारोपण हाच मुख्य मार्ग आहे. अशा आजारात ते पहिल्यांदा यशस्वी झालं १९६८मध्ये, अमेरिकेत. आता भावंड पूर्ण जुळलं नाही, तरी आई किंवा वडिलांच्या अर्ध्या जुळणाऱ्या पेशींवरही ते करता येतं. जनुकोपचाराची वाट जास्त खडतर होती. १९९०मध्ये अमेरिकेत पहिला प्रयत्न झाला. पॅरिसमध्ये १९९९पासून मुलं बरी होऊ लागली आणि मग त्यांतल्या काहींना रक्ताचा कर्करोग झाला. संशोधकांनी जनुक वाहून नेणारा विषाणू बदलला, पुन्हा सुरुवात केली. २०१६मध्ये युरोपने स्किडच्या एका प्रकारासाठी जनुकोपचाराला मान्यता दिली.

भारताच्या २०२१च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणात स्किड आणि क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज यांचा समावेश आहे. निवडक केंद्रांत उपचारासाठी ५० लाख रुपयांपर्यंत मदतीची तरतूद २०२२मध्ये झाली. मुंबईचं केईएम त्यांपैकी एक केंद्र आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनने २००८मध्ये टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या ठिपक्यावर प्रत्येक नवजात बाळाची स्किडसाठी तपासणी सुरू केली. दहा वर्षांत ती तिथल्या सर्व राज्यांत पोहोचली. आपल्याकडे अशी सार्वत्रिक तपासणी अजून नाही. तोवर ती जबाबदारी माणसांच्या नजरेवर आहे.

शंका आली, तर जायचं कुठे? सिंदीहून पूर्वेला नागपूर आणि पश्चिमेला सेवाग्राम, दोन्ही लोहमार्गावरच आहेत. सेवाग्रामला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचं कस्तुरबा रुग्णालय आहे. पेशी मोजायच्या असतील, तर रक्त ताजं लागतं. नळी साधारण एक-दोन दिवसांत प्रयोगशाळेत पोहोचावी लागते. वर्ध्याहून संध्याकाळी निघालेली गाडी सकाळी दादरला पोहोचते आणि तिथून परळ हाकेच्या अंतरावर आहे.

नळी भरायची की नाही, हे मात्र त्याच्या बरंच आधी ठरतं. वर्षात दोनदा न्युमोनिया, महिनोन् महिने प्रतिजैविकं, शिरेतून औषध दिल्याशिवाय न हटणारे संसर्ग, खोल गळवं, न जाणारे तोंडातले चट्टे, न वाढणारं वजन, ही यादी डॉक्टरांना ठाऊक असते. या सगळ्यांत घरातला इतिहास आणि खुंटलेली वाढ हे फार भरवशाचे इशारे मानले जातात. दुसऱ्या खेपेच्या गर्भवतीची नोंद करताना आशाताई आधीची बाळंतपणं किती झाली आणि मुलं किती, हे विचारतातच. एखादं मूल गेलेलं असेल, तर त्याच बैठकीत, हलक्या आवाजात, आणखी तीन प्रश्न विचारता येतात. ते किती महिन्यांचं होतं, त्याला काय झालं होतं आणि माहेरी कुणाचं बाळ असं गेलं होतं का?